ऐरावताच्या नव्या चकत्या

१९ नोव्हेंबर. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण अडुसष्ट वर्षांच्या रिटायर्ड पोस्टमास्तराने एकट्याने गाडीचे ब्रेक बदलले, याची कुठेतरी लेखी नोंद हवी. पोस्टात अठ्ठावीस वर्षं तारखेचे शिक्के मारलेला हात आहे. तारीख घातल्याशिवाय मला स्वतःचंसुद्धा खरं वाटत नाही.

पार्श्वभूमी: काल देवळात कौल झाला. गावपळण ११ डिसेंबरला. दुपारी नगारा वाजला की सगळं आचरा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा, शिवेबाहेर. तीन दिवस, तीन रात्री गावात कोणी पाऊल टाकायचं नाही. माळावर झोपड्या घालून राहायचं, देवाने परतीचा कौल दिला की परतायचं. मागच्या चारही गावपळणींना मी बायकोला, मथुरेला, आमच्या गाडीतून नेलं. गाडीचं नाव ऐरावत. पांढरी, सात सीटची, वीस वर्षांची. गाव तिला 'डबो' म्हणतं. गावाला काव्य कळत नाही, हे मी १९७० पासून बघतो आहे.

यंदा मथुरा म्हणते, गाडीत बसणार नाही. कारण सप्टेंबरमधला मालवणच्या बाजारातला प्रसंग. उतारावर ब्रेक दाबला, खर्रर्र असा आवाज आला आणि ऐरावत बांगड्यांच्या पाटीला टेकला. टेकला. धडकला नाही. मथुरा तिथेच उतरली, बाजार केला, एसटीने घरी आली. तेव्हापासून पाय ठेवलेला नाही.

तिने रसिकाला फोन करून सांगितलं. रसिका ही आमची मुलगी, डोंबिवलीला असते आणि तिथून आमचं घर चालवते. तिने निकाल दिला: आई स्वतःहून गाडीत बसली आणि बाबांनी तिला गावपळणीला सुखरूप नेलं-आणलं, तर गाडी राहील. नाहीतर विकायची. शेजारच्या दीपेशने लगेच कळवलं की तळेऱ्याला जुन्या गाड्या घेणारा एक जण त्याच्या ओळखीचा आहे. दीपेशकडे टेम्पो आहे. टेम्पोवाल्यांना दुसऱ्याच्या गाडीचं नेहमीच वाईट दिसतं.

निश्चय: ब्रेक मी बदलणार. स्वतः. ५ डिसेंबरच्या आत.

२० नोव्हेंबर. दुपार

बाबली मेस्त्रीला बोलावलं. फक्त निदानासाठी. त्याचं गॅरेज तिठ्यावर, हात चांगला, पण बोलणं रुक्ष. पुढचं एक चाक काढून त्याने दाखवलं. चाकामागे लोखंडी ताटासारखी चकती असते. बाबली तिला डिस्क म्हणतो, इंटरनेट रोटर म्हणतं, मी चकती म्हणतो. दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. किती साधं आणि सुंदर. आमच्या चकत्या झिजून पत्र्यासारख्या झाल्यात. कडेला बोट लावलं तर धार. पॅडचं तर नुसतं लोखंड उरलंय.

बाबलीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या: मागच्या चाकांचे ब्रेक-लायनर संपलेत आणि हँडब्रेकची वायर तुटलीय. म्हणाला, सगळं एकदम करू, गाडी दोन दिवस गॅरेजला द्या.

मी म्हटलं, मागचं मागे बघू. आधी पुढचं. आणि पुढचं मीच करणार.

बाबलीने पाना पुसून खिशात घातला. मग म्हणाला, "मास्तरांनू, ह्यां पाकिटार तिकीट लावण्यासारख्यां काम नाय."

त्याला बहुधा माहीत नाही की तिकीट सरळ लावणंसुद्धा सगळ्यांना जमत नाही.

२१ नोव्हेंबर

आज काही नाही. नियोजन.

२२ नोव्हेंबर

आजही नियोजन. चार व्हिडिओ पाहिले. चौथ्यातला माणूस अमेरिकन, माझ्याहून म्हातारा. त्याने अर्ध्या तासात दोन्ही चाकं केली. मी दोन दिवस धरतो. त्याच्याकडे लिफ्ट होती.

२४ नोव्हेंबर. संध्याकाळ

कणकवलीहून चकत्या आणि पॅड आणले. एसटीने गेलो, एसटीने आलो. येताना दोन्ही चकत्या मांडीवर. भलत्याच जड. कंडक्टरने विचारलं, काय ओ, समई की काय. म्हटलं, तसंच समजा.

घरी खोका उघडला. तेलाने माखलेल्या, पौर्णिमेच्या चंद्रासारख्या. शाळेत मराठीचे सर डस्टर आपटून गण शिकवायचे. ते डस्टर आज कानात वाजलं आणि दोन ओळी आपोआप आल्या. वृत्त भुजंगप्रयात:

तुझ्या चक्रकांतीस येवो झळाळी
न लागो तुला गंज सायं-सकाळी

मथुरेला वाचून दाखवल्या. तिने विचारलं, काजूच्या रोपांना पाणी घातलं का.

२५ नोव्हेंबर. सकाळी ९

कामाला प्रारंभ. चाकाचे नट ढिले करायचे.

२५ नोव्हेंबर. सकाळी ११.३०

एक नट ढिला झाला.

२६ नोव्हेंबर

पाठ.

२७ नोव्हेंबर

पाठ. मथुरेने शेक दिला. शेकताना म्हणाली, बाबलीला सांगा. मी तोंड उशीत असल्यामुळे उत्तर देऊ शकलो नाही. पण उत्तर तयार होतं.

२९ नोव्हेंबर. दुपारी १

मोठी प्रगती. डाव्या बाजूचे सगळे नट निघाले. पान्यावर उभा राहिलो आणि हलकेच उड्या मारल्या. दीपेश कुंपणापलीकडून बघत होता. त्याने मोबाईल काढला. काढू दे. पुढे गाडी चालेल तेव्हा तोच व्हिडिओ पुरावा ठरेल.

जॅकखाली फळी घातली. गाडीखाली चिरे लावले, म्हणजे जॅक निसटलाच तर मी चपटा होऊ नये. सुरक्षेच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. मीच पुरेसा आहे.

१ डिसेंबर. संध्याकाळी ४

चकती निघत नाही.

स्क्रू काढले. कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा तो चिमटा, सोडवला आणि पायजम्याच्या नाडीने स्प्रिंगला टांगून ठेवला. त्याच्या नळीवर ताण येता कामा नये, असं अमेरिकन म्हणाला होता. (त्याने तार वापरली होती. नाडी जास्त मऊ.) पण चकती वीस वर्षांच्या खाऱ्या हवेने हबला चिकटून बसलीय. हातोडीने मारलं. हळू. मग जोरात. मग रागाने. समुद्र सहाशे पावलांवर आहे, पण मला आज पहिल्यांदा त्याचा राग आला. ज्या वाऱ्याने लहानपणी माझ्या वहीची पानं उलटली, त्यानेच हे केलं.

मथुरा दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, भांडं अडकलं की ती गरम पाणी ओतते. तिला समजावलं की हे भांडं नव्हे.

१ डिसेंबर. ५.१५

गरम पाणी ओतलं. निघाली.

याचा अर्थ माझ्या आधीच्या हातोडीने ती मुळात ढिली झालेलीच होती.

२ डिसेंबर. सकाळ

उजवी चकती पाऊण तासात. अमेरिकनाच्या जवळपास आलो.

नव्या बसवण्याआधी बाबलीला फोन केला. सल्ल्यासाठी नाही. कळवण्यासाठी. तो म्हणाला, नवीन डिस्कला कंपनीचं तेल असतं, ते पेट्रोलने स्वच्छ पुसा, एक थेंब राहता कामा नये. मी विचारलं, कंपनीने तेल लावलं असेल तर काही विचाराने लावलं असेल ना. तो म्हणाला, ते फक्त गोदामात गंजू नये म्हणून.

पुसलं. मनाविरुद्ध. चंद्राची कांती उतरली. याची नोंद ठेवतो: तेल पुसण्याची कल्पना बाबलीची.

३ डिसेंबर. संध्याकाळ

सगळं बसवलं. अंगणात पाच फूट गाडी पुढे घेतली. असा आवाज झाला की दीपेशच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली. एका बाजूचा एक पॅड उलटा लागला होता. लोखंडाची बाजू चकतीकडे.

पॅडवर बाण काढायला हवा होता. कंपनीची चूक.

५ डिसेंबर. रात्री. (सुवर्णाक्षरांनी)

पॅड सुलटा केला. मग ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबायचं असतं, घट्ट होईपर्यंत. मी ते भुजंगप्रयातात दाबलं. हलका, जोर, जोर. लगागा, लगागा, लगागा, लगागा. चौथ्या चरणाला पेडल दगडासारखं. छंदात ताकद असते. हे बाबलीला कुठल्या आयटीआयमध्ये शिकवणार?

मग परीक्षा. मथुरेने स्वतः घेतली. अंगणाच्या टोकाला पाण्याने भरलेली तांब्याची कळशी ठेवली. तिच्या माहेरची. म्हणाली, येवा आता.

आलो. दाबला. ऐरावत कळशीपासून एक वीत अंतरावर थांबला. न खरखरता, न डुलता. कळशीतलं पाणीसुद्धा हललं नाही.

मथुरेने पाण्यात डोकावून पाहिलं. कळशी उचलून कमरेवर घेतली आणि आत गेली. जेवणानंतर रसिकाचा फोन आला तेव्हा स्वयंपाकघरातून ऐकलं. मथुरा सांगत होती, "थांबवल्यानी गो. खरांच थांबवल्यानी."

हे वाक्य मी उद्या एखाद्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिणार आहे.

६ डिसेंबर. सकाळी ७.०५

अनर्थ.

रात्री दव पडलं. सकाळी चाकाच्या भोकातून पाहिलं तर नव्या चकत्या तांबड्या. कुंकू शिंपडल्यासारखा गंज. एका रात्रीत. कालचा चंद्र आज खग्रास.

हे कोणामुळे झालं? कंपनीचं तेल पुसायला कोणी सांगितलं?

बाबलीला फोन लावला नाही. काय बोलणार तो. गाडी चालवली की जाईल आपोआप, असं काहीतरी. या लोकांना आपोआप या शब्दाचा फार आधार वाटतो.

६ डिसेंबर. दुपार. विचारमंथन

आमच्या आईने आडाळ्याचं पातं साठ वर्षं खोबरेल लावून राखलं. अजून नारळ त्याच्यावरच खवतो. कुलुपं, बिजागऱ्या, कोयते, आजोबांचं शिवणयंत्र, सगळं खोबरेलावर जगलं. या किनाऱ्यावर लोखंड टिकतं ते तेलाने. ही विद्या कणकवलीच्या पुढे कोणाला नाही, मग अमेरिकेला कुठून असणार. त्यांच्याकडे नारळ कुठेय.

शिवाय कंपनी तेच करते. माझा शोध नाही. मी फक्त कंपनीशी सहमत आहे.

७ डिसेंबर. सकाळ

चाकं काढली (आता वीस मिनिटांत). गंज चोळून काढला. चकत्यांना जुन्या धोतराच्या बोळ्याने खोबरेल लावलं. दोन्ही बाजूंनी. हळुवार, शनिवारी आई डोक्याला लावायची तसं. झळाळी आली. न लागो तुला गंज सायं-सकाळी. माझी ओळ खरी ठरली.

मेंटेनन्स हा शब्द लोक नुसता वापरतात.

९ डिसेंबर

मथुरा विचारत होती, तेलाची बाटली एवढी खाली कशी गेली. म्हटलं, हवा कोरडी आहे, डोकं मागतं. खोटं नाही. डोकंच होतं ते, माझं, कामाला आलेलं.

१० डिसेंबर. संध्याकाळ

गावात लगबग. माळावर झोपड्या उभ्या राहिल्यात. आमची दीपेशने घातली, तेवढं त्याचं श्रेय. तो म्हणाला, काका, सामान माझ्या टेम्पोत टाका, काकींना पण घेऊन जातो. मी सांगितलं, तुझी काकी ऐरावतातून येईल. तो हसला. हसू दे. गावपळणीत हसतमुख राहावं.

चकत्यांना दुसरा हात दिला. तीन दिवस उघड्या माळावर राहायचंय, दव भरपूर. बाटली जवळजवळ संपली.

११ डिसेंबर. संध्याकाळी ६. माळावरून

विजय.

दुपारी नगारा झाला. घराला कुलूप घातलं. मथुरा कोंबड्यांची टोपली घेऊन अंगणात उभी राहिली. दीपेशचा टेम्पो रस्त्यावर घरघरत होता. तिने टेम्पोकडे पाहिलं, ऐरावताकडे पाहिलं आणि येऊन बसली. माझ्या शेजारच्या सीटवर. कोंबड्या मांडीवर. मी आरशात बघण्याच्या निमित्ताने दुसरीकडे पाहिलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

रस्ताभर गुरं, गाठोडी, डोक्यावर पेटारे, म्हातारी माणसं. सगळं गाव बैलाच्या चालीने निघालेलं. मीही पहिल्या गियरमध्ये. ब्रेकची गरजच पडली नाही. दोनदा दाबला तेव्हा ऐरावत लगेच न थांबता थोडा विचार करून थांबला. नवीन ब्रेक मऊ असतात. किंचित करंज्या तळल्यासारखा वास आला. मथुरा म्हणाली, कोणीतरी वाटेत तळण काढलंय. मी म्हटलं, असेल.

शीव ओलांडली. आमची झोपडी शिवेला लागूनच, माळाच्या चढावर. गाडीचं तोंड वर, पाठ गावाकडे. बाबली तिथेच झोपडी बांधत होता. त्याने न विचारता मागच्या चाकाखाली एक धोंडा सरकवला आणि गियरमध्ये ठेवा म्हणून सांगून गेला. गियरमध्ये गाडी ते ठेवतात ज्यांचा स्वतःच्या ब्रेकवर विश्वास नाही. पण गाडी गियरमध्ये ठेवली. थोरपणा म्हणून.

रसिकाला फोन केला. ती म्हणाली, परत येईपर्यंत थांबा बाबानू. आता राहिलंय ते फक्त परत येणं.

१२ डिसेंबर. दुपारी ४.१०

गाडीतच बसून लिहितो आहे. आरशात काय देखावा. खाली शिवेपलीकडे सगळं गाव रिकामं. धूर नाही, भांड्याचा आवाज नाही. माडांची झुंबरं आणि पलीकडे समुद्राची रेघ. माणसं नसली की गाव किती शाळेतल्या चित्रासारखं दिसतं. रेडिओ लावायला चावी फिरवली तेव्हा गियर काढला. पाय ब्रेकवर आहे, हवा तेवढा वेळ राहील.

मथुरा चहासाठी चूल मांडतेय. काल शिदोरीवर भागलं, सकाळी शेजाऱ्यांकडचा चहा, आता स्वतःची चूल हवी. माळावर बारीक दगड पुष्कळ, पण चुलीजोगे धोंडे सगळे लोकांनी आधीच उचललेत. दोन मिळाले, तिसरा नाही. आत्ता खिडकीशी येऊन विचारून गेली, चाकाखालचा काढला तर चालेल काय. मी म्हटलं, गो, ब्रेक असताना तो धोंडा म्हणजे नुसता अलंकार. खुशाल ने. ती मागे गेलीय. या चढावरून आता समुद्राची रेघ किंचित वर सरक

१२ डिसेंबर. सायंकाळी ७

वरचं वाक्य पुरं करता आलं नाही. घटनाक्रम लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत त्याला गाव शेपट्या लावेल.

मथुरेने धोंडा काढला. ऐरावत मागे निघाला. मी ब्रेक दाबला. पूर्ण दाबला. दोन्ही पायांनी दाबला. भुजंगप्रयातात दाबला. लगागा, लगागा. ऐरावत यतिभंग न करता मागे जात राहिला. वेग फार नव्हता. लोक शेजारून चालत होते आणि काचेतून मला सूचना देत होते. बाबली सांगत होता गियर टाका. मी वही सोडू की गियर धरू या विचारात होतो. शीव आली. लोक शिवेवर थांबले, सगळे एका रेषेत. मी थांबलो नाही.

देवाच्या हुकमाशिवाय, उलटा, रेडिओसकट, मी गावात शिरलो. शंभर-सव्वाशे फूट आत, शेताच्या बांधाला टेकलो. टेकलो. धडकलो नाही.

चालत परत आलो. शिवेवर सगळं गाव उभं.  हसणारा दीपेशसुद्धा हसत नव्हता. गावपळणीत गावात पाय पडणं ही हसण्याची गोष्ट नाही. बाबलीने माझा हात धरला, हुंगला, मग पॅंटला लागलेला परवाचा तेलाचा डाग हुंगला. विचारलं, "मास्तरांनू, डिस्काक काय लावलास?"

मी गंजाबद्दल सांगू लागलो. कंपनीबद्दल. आईच्या आडाळ्याबद्दल. बाबली खाली बसला. 

मथुरा धोंडा हातात घेऊन उभी होती. अजून. तिला म्हटलं, तू विचार तरी करायचास. ती एवढंच म्हणाली:

"तुमीच सांगितलास म्हणान काढलंय. आयुष्यात एकदा तुमचा आयकलंय."

मी तिच्या हातातला धोंडा घेऊन चुलीशी नेऊन ठेवला. 

मग तात्या मानकरी आले. गाऱ्हाणं घालायला हवं, नाहीतर दोष गावावर. नारळ ठेवला. गाव मागे उभं राहिलं. तात्यांचं शिक्षण तिसरी. वृत्त म्हणजे काय ते माहीत नाही. पण आवाज असा की माडावरचे कावळे उडाले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या शिवेर, तुझा लेकरू शंकर पोस्टमास्तर, तुझो हुकूम नसताना उलटो गावात गेलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. मीही म्हणालो. गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. पाळण्यात असल्यापासून म्हणतोय.

"तेणी ब्रेकाक खोबरेल लावल्यान, कित्या लावल्यान तां तुका म्हायत आणि तेका म्हायत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती चूक पोटात घाल, गावाक सुखी ठेव, गुराढोरांक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता मला चांगली लय सापडली होती. तात्यांच्या बोलण्यात छंद आहे, हे कबूल करायला हवं. मात्रा मोजत होतो.

"आणि हेच्या फुडे ष्टेरिंगार बसूची बुद्धी तेका पुन्हा देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. दोन मात्रा लांबवलेला.

१३ डिसेंबर. सकाळ

आढावा. गोष्ट वाटते तितकी वाईट नाही.

(अ) गाऱ्हाण्याच्या शेवटच्या ओळीत स्टेअरिंगचा उल्लेख आहे. ब्रेकचा, चकत्यांचा नाही. दुरुस्ती मी करू शकतो.
(आ) 'बुद्धी देव नको' म्हटलंय. म्हणजे नवी बुद्धी. जुनी माझ्याकडे आहेच.
(इ) बोलताना माझं लक्ष मात्रांवर होतं. लक्ष नसताना दिलेला शब्द ग्राह्य धरत नाहीत. पोस्टात सही न बघता घेतलेलं रजिस्टर परत करता यायचं.

१३ डिसेंबर. दुपार

तात्यांकडे जाऊन मुद्दे अ, आ, इ मांडले. त्यांनी शांतपणे ऐकलं. विडी विझवली. म्हणाले, मास्तरांनू, कोण काय बोललो तां मी इसारतंय, पण तुमचो आवाज देवान आयकलो असतलो, म्हैस पण आयकली असतली.

ऐरावत इथून दिसतो. बांधाला टेकून, तोंड आमच्याकडे. शिवेच्या आत असल्याने कोणी जाऊ शकत नाही. मीही नाही. आणखी एका रात्रीचं दव पडलं त्याच्यावर.

१३ डिसेंबर. संध्याकाळ

मथुरेने त्या धोंड्याच्या चुलीवर पेज केली. मला आधी वाढली. वर लोणचंही वाढलं. चांगलं लक्षण.

१४ डिसेंबर. संध्याकाळ. घरी

कौल झाला, गाव परतलं. मथुरा दीपेशच्या टेम्पोतून, पुढच्या सीटवर. मी मागे, सामानाजवळ, कोंबड्यांच्या टोपलीवर हात ठेवून. वाटेत ऐरावताजवळून गेलो. दीपेशने हॉर्न वाजवला नाही. माणूस वाईट नाही तो.

खोबरेलामुळे चकत्यांना गंजाचा एक ठिपकाही लागलेला नाही. ही गोष्ट आचऱ्यात कोणालाही ऐकून घ्यायची नाही.

रसिकाचा फोन आला. मी सगळी बाजू मांडली. ती मध्ये बोलली नाही, यावरून मला वाटलं की पटतंय. शेवटी विचारलं, बाबानू, तुम्हाला कुठे लागलं नाही ना. एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी पडत नाही. मी म्हटलं, नाही गो. गाडी विकायचं तिने काढलं नाही. मीच काढलं. म्हटलं, दीपेशला सांगतो.

(हे मी का म्हणालो याची चौकशी चालू आहे.)

१७ डिसेंबर. दुपार

ऐरावत सकाळी गेला. तळेऱ्याचा माणूस आला, फिरून बघितलं. पुढच्या चाकाशी वाकून थांबला. विचारलं, हे नवीन कोणी बसवले. बाबली म्हणाला, मास्तरांनी. तो म्हणाला, काम चोख झालंय.

बाबलीने काल चकत्या पेट्रोलने पुसल्या, पॅड बदलले, मागचंही बघितलं. तळेऱ्यापर्यंत चालवायला तोच बसला. मी फाटकाशी उभा होतो. निरोपाच्या आठ ओळी खिशात होत्या, पण ऐरावताला इंजिनच्या आवाजात ऐकू गेल्या नसत्या.

तिठ्याच्या वळणावर आडवी गाय आली. मागचे लाल दिवे लागले. ऐरावत जागच्या जागी थांबला. न खरखरता, न डुलता. एक वीत.

मथुराही बघत होती. म्हणाली, "थांबलो."

मी म्हटलं, थांबणारच. चकत्या माझ्या हातच्या.

१७ डिसेंबर. संध्याकाळी ५

नवा संकल्प: उद्यापासून सकाळी चालणे. त्याला ब्रेक लागत नाही.

डोकं जड झालंय. थोडं खोबरेल दे म्हटलं. मथुरेने बाटली आणली, माझ्यासमोर उलटी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.